करीमभाईंचा नंबर

त्या दुपारी कापूस खरेदी केंद्रावर दगड मारणारा माणूस मी होतो. हे आजवर कोणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. या प्रवासाचं वर्णन मी एकदा लिहून छापलंही आहे. त्यात वऱ्हाडातलं जेवण होतं, काळी जमीन होती, दगड नव्हता. म्हणून पुन्हा लिहितो आहे.

अमरावतीला सासरच्या नात्यातलं लग्न आटोपलं, तेव्हा साडू विनायकराव म्हणाले, "आता आलेच हा त आमच्या गावाले चाला. केंद्रावर कापूस घेऊन जाचा हाये, तुमाले जत्रा दाखवतो." बडनेऱ्याहून सकाळची गाडी पकडली. मूर्तिजापूर मागे पडेतो ऊन चढलं. अकोल्याला स्टँडबाहेर आलुबोंडा खाल्ला. त्यावर ओतलेल्या तर्रीनं (झणझणीत रस्सा) माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"रडू नोका," विनायकराव म्हणाले, "लोक म्हनतीन साडूनं मारलं."

तेल्हाऱ्याच्या रस्त्याला लागलो आणि सपाट मुलूख सुरू झाला. रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना कापसाचे पुंजके अडकले होते. भरलेल्या बंड्या (बैलगाड्या) घासून गेल्याच्या त्या खुणा. लांबून झाडं फुलल्यासारखी दिसत.

दुसऱ्या दिवशी बंडी घेऊन केंद्रावर गेलो. रांग फाटकापासून पार नाल्यापर्यंत गेलेली. आतला वजनकाटा कधी चालू, कधी बंद. एवढा वेळ बैल उन्हात उभे कोण ठेवणार? म्हणून तिथली एक रीत होती. बंडी बाजूला लिंबाखाली सोडायची आणि रांगेत आपल्या जागी एक दगड ठेवायचा, त्यावर गेरूनं नाव लिहायचं. दगड सरकवत सरकवत पुढे न्यायचा. दुसऱ्याच्या दगडाला कोणी हात लावत नसे.

आमच्या पुढचा दगड करीमभाईंचा. साठीकडे झुकलेला, पांढऱ्या दाढीचा, सतत काहीतरी बोलणारा माणूस. जेवताना त्यांनी भाकरीवर ठेचा ठेवून माझ्यापुढे केली.

"पाव्हणे, तुमी बोलत काहून नाई? तिकडं पुन्याले बोलाची बंदी हाये का?"

"ते हापिसात हायेत," विनायकरावांनी माझी बाजू घेतली.

"मंग बरोबर. आमचे इथले साहेब बी बोलत नाईत."

आजूबाजूचे सगळे हसले. मीही हसलो. लिंबाखालच्या गार वाऱ्यात त्या रात्री मला छान झोप लागली, हेही खरं आहे.

तिसऱ्या दिवशी दुपारी माल पाहणारा साहेब लिंबाखालच्या बंड्यांमधून फिरत आला. विनायकराव हात जोडून उभे राहिले. त्यानं आमच्या बंडीतून मूठभर कापूस ओढला, चिमटीत दाबला, "ओला आहे," म्हणाला आणि खाली टाकून पुढे गेला. विनायकरावांनी वाकून तो कापूस उचलला, त्याची माती फुंकली आणि परत बंडीत ठेवला.

थोड्या वेळानं आतून निरोप आला, काटा बंद. माणसं फाटकाशी धावली, विनायकरावही गेले. आरडाओरडा, शिव्या, मधूनच थट्टा. "साहेब, जेवाले बसले असान त आमाले बी आवाज द्या!" ओरडणाऱ्यांचा राग तोंडावाटे निघून जात होता. माझ्या रागाला तशी वाट नव्हती. मी मागे, रांगेपाशी एकटाच होतो. वाकलो, हाताला आला तो दगड उचलला आणि माणसांच्या डोक्यांवरून कचेरीच्या खिडकीवर फेकला.

काच फुटली. आतला एक कारकून कपाळ धरून बाहेर आला, बोटांमधून रक्त येत होतं. माझा तळवा गेरूनं लाल झाला होता. तो मी पँटीला पुसला आणि हात खिशात घातला.

पोलीस आले. फौजदारानं आतून दगड आणवला, त्यावरचं नाव फासलं गेलं होतं म्हणून तो वर धरला आणि विचारलं, "हा दगड कोणाचा?"

करीमभाई त्या वेळी टपरीवर चहा पीत होते. काय झालं हे त्यांना धड कळलंही नव्हतं. आपला दगड कोणीतरी रांगेतून काढला, एवढंच त्यांना दिसलं. कप तसाच ठेवून ते धावत आले.

"माहा हाये जी, माहा! तीन दिवसापासून हाये. माहा नंबर कापू नोका!"

त्यांना गाडीत बसवलं तरी ते विनायकरावांना ओरडून सांगत होते, "जागा धरजो रे, मी येतोच." विनायकरावांनी त्यांच्या जागी दुसरा दगड ठेवला. मी हात खिशातच ठेवून उभा होतो.

संध्याकाळच्या बसनं अकोल्याला आलो; वाटेतल्या बाभळींवरचा कापूस अंधारात दिसत नव्हता. फलाटावरच्या नळाखाली तळवा घासून धुतला आणि पुण्याच्या गाडीत बसलो. बाभळींवरचा कापूस अंधारात दिसत नव्हता. इतक्या चिडलेल्या माणसांत काही विपरीत घडलं तर ते त्यांच्यातल्याच कोणा तापट माणसाकडून घडेल, असं मी त्या दुपारपर्यंत समजत होतो. घडलं ते माझ्यासारख्या गप्प पाहुण्याच्या हातून.

करीमभाई जामिनावर सुटले. कापूस त्यांच्या बायकोनं गावातच मिळेल त्या भावानं देऊन टाकला. विनायकराव फोनवर सांगतात, करीमभाई अजून तारखांना जातात आणि भेटेल त्याला विचारतात, "आपला दगड कोनं उचलला असन हो?"

तालुक्याच्या कोर्टात उभं राहून दगड मी उचलला, मी मारला, हे सांगणं माझ्याकडे बाकी आहे. आणि त्याआधी, तेच करीमभाईंच्या अंगणात जाऊन त्यांना सांगणं.