आई कासव झाली त्याची गोष्ट

माझ्या आईला पंचाहत्तरीत पहिली नोकरी लागली, आणि ती कासवाची होती.

झालं असं, की माझी भाची मृणाल मुंबईत वेब सिरीज लिहिते. तिची मंडळी लहान मुलांची एक जुनी, जादूच्या राज्याची कादंबरी पडद्यावर आणत होती. तीत तळ्याच्या तळाशी एक म्हातारी कासवीण राहते आणि राक्षसाला मारायला निघालेला राजपुत्र तिला वाट विचारतो. कासवीण संगणकावर झकास तयार झाली. आवाज मात्र जमेना. नट्या येऊन गेल्या. दिग्दर्शिकेचं एकच म्हणणं, सगळ्या बातम्या दिल्यासारख्या बोलतात. शेवटी मृणालनं मोबाइलवर आलेला आजीचा निरोप ऐकवला. "काहून व, फोन नाई उचलत? जेवली काय? का नुसतं लिहूनच राह्यली?"

दिग्दर्शिका म्हणाली, "ही कासवीण कुठे राहते?"

कासवीण विदर्भात, दारव्ह्याला राहते आणि गुडघ्यांमुळे प्रवास करत नाही, असं कळल्यावर मंडळींनी आमच्याच घरी येऊन आवाज घ्यायचं ठरवलं. अभिमानानं माझी छाती अशी फुगली, की शर्टाचं वरचं बटण लागेना (बायकोच्या मते ते पोटामुळे, आणि खालचं). मी कॉलेजात मराठी शिकवतो. आईचा आवाज महाराष्ट्रभर जाणार, तर तो प्रमाण भाषेत जायला नको? मी शिकवणी सुरू केली.

"आई, मले नाही, मला."

"मले काय झालं?"

"तुला काही नाही झालं. 'मला' म्हण."

"मंग तूच होय ना कासव," असं म्हणून आई तुरीच्या शेंगा सोलायला बसली. पण मी चिकाटी सोडली नाही. पाहुणे येईपर्यंत आई 'वत्सा, आपले आगमन कुठून झाले?' हे वाक्य एकाही चुकीशिवाय म्हणू लागली. आनंदानं माझे डोळे भरून आले.

मंडळी आली. मी घरातल्या सगळ्या गाद्या भिंतींना टेकवल्या, पंखा बंद केला, शेजारच्या गुलाबकाकूंना कुकर लावू दिला नाही. त्यांची शेळी ओरडू नये म्हणून तिला आमच्या वांग्यांच्या वाफ्यात सोडलं. शांतता झाली. आई माइकसमोर बसली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "वत्सा, आपले आगमन कुठून झाले?"

दिग्दर्शिकेनं मृणालकडे पाहिलं. मृणालनं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावून आईला शाबासकी दिली.

"आजी, घरी बोलता तसं बोला ना," दिग्दर्शिका म्हणाली.

"आपण चिंता करू नये," आई म्हणाली.

पुन्हा पुन्हा तेच. दिग्दर्शिका हळू आवाजात म्हणाली, "मृणाल, आपण मुंबईलाच कुणी तरी पाहू या." मृणालचं तोंड एवढंसं झालं. तिनं सगळ्यांशी भांडून आजीचं नाव पुढं केलं होतं. पण मी धीर सोडणारा माणूस नाही. म्हटलं, राजपुत्र मी होतो, म्हणजे आईला रंग चढेल. उभा राहिलो, छातीवर हात ठेवला आणि गरजलो, "हे माते! मला मार्ग दाखव! मी त्या राक्षसाचा शिरच्छेद करीन!"

आई दचकली. "कायले बोंबलून राह्यला रे? सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाई, अन् म्हणे राक्षस मारतो. बस खाली पयले. खाऊन घे. राक्षस कुठी पळून नाई चालला."

आवाज घेणाऱ्या मुलानं अंगठा वर केला. त्याचं यंत्र चालूच होतं.

"वाट मंग सांगतो," आई पुढं म्हणाली. ते वाक्य तर त्यांच्या संहितेत होतं, थोडं वेगळ्या भाषेत.

दिग्दर्शिकेनं आईचे हात हातात घेतले. मग मला अंगणात बसवलं आणि दाराला आतून कडी लावली. मी वाफ्याजवळ बसलो. वांगी संपली होती.

सिरीज आली तेव्हा आमच्या दिवाणखान्यात गल्ली मावेना. तळ्याच्या निळ्या पाण्यातून कासवीण वर आली आणि म्हणाली, "बस खाली पयले. खाऊन घे." राजपुत्र तलवार बाजूला ठेवून निमूट जेवायला बसला. आधी हशा झाला. मग गुलाबकाकूंनी डोळ्यांना पदर लावला. त्यांचा मुलगा पुण्याला असतो. मृणालचा लगेच फोन आला, ती नुसती रडत होती. मी गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणालो, "ही माझी आई." (सगळ्यांना माहीत होतं. तरी म्हणालो.)

"कासव जाडं दाखवलं," आई म्हणाली.

आता बाजारात पोरं तिच्या पाया पडतात, आणि ती प्रत्येकाला जेवला का विचारते. मी पन्नाशी ओलांडलेला, डॉक्टरेट मिळवलेला प्राध्यापक. परवा शेअर जीपमध्ये जागा नव्हती. ड्रायव्हरनं मागे वळून आवाज दिला, "सरका बाप्पा थोडं, कासवीणबाईचं पिल्लू येऊन राह्यलं."

मी मुकाट्यानं अंग चोरून आत शिरलो.