कातड्याचं दप्तर

त्यांनी माझ्या गणपतीवर पाणी शिंपडलं.

गणपती कागदावर होता. पाण्याच्या रंगांत काढलेला. पिवळा पीतांबर, तांबडा शेला. पाणी पडलं तसा तांबडा रंग पोटावर उतरला, पिवळ्यात मिसळला आणि कागदावरून ओघळत फरशीवर आला. वकीलसाहेब लांब उभे होते. गड्याला म्हणाले, "अजून घाल." गड्यानं उरलेला तांब्या तोरणा किल्ल्याच्या चित्रावर उपडा केला.

मी खाली अंगणात उभा. वय एकोणीस.

तेव्हा भोरला संस्थान होतं. या बड्या वकिलांनी जाहीर केलं होतं, की हातात कला असलेल्या एका मुलाला आपल्या खर्चानं मुंबईला चित्रकला शिकायला पाठवू. चित्रं आणा, दाखवा. मी वेल्ह्याचा. चांभाराचा. सातवी पास होऊन जोडे शिवत बसलो होतो. मुंबईला जायला मला दुसरी वाट दिसत नव्हती.

बानं चित्रांसाठी दप्तर शिवलं. बकऱ्याचं कातडं, हिरड्यात कमावलेलं. विहिरीतून पाणी ओढायच्या मोटेला घालतात तशी दुहेरी शिवण आणि तोंड बांधायला वादी. सगळा पावसाळा त्यावर बसला होता. म्हणाला, "नदीत पडलं तरी आत थेंब जायचा न्हाई."

वेल्ह्याहून दोघं पायी निघालो, नसरापूरवरून भोरला आलो. आधी ड्रॉइंगमास्तरांकडे गेलो. माझ्या हातात पहिल्यांदा रंग त्यांनीच दिला होता. चांगला माणूस. त्यांनी ओसरीवर चित्रं पसरायला लावली आणि निवड केली. गणपती सगळ्यात वर. मग मुरलीधर. मग तोरणा. मांडीखाली मोट दाबून आरी मारणारा बा होता, त्या चित्राकडे बघून म्हणाले, "हे दाखवू नकोस." चित्राखाली नुसतं नाव लिही, आडनाव नको. बाप काय करतो विचारलं तर शेती सांग. मग दप्तराकडे बोट केलं. "आणि हे तर आत नेऊच नकोस. चित्रं बघायच्या आधी घर कळेल." त्यांनी दोन पांढरे पुठ्ठे दिले. चित्रं त्यात घालून मी सुतळी बांधली.

मी सगळं ऐकलं. कुणी गळ्यावर सुरी ठेवली नव्हती. मला जायचं होतं, म्हणून ऐकलं.

वकिलांच्या फाटकाबाहेर बानं दप्तर पुढं केलं. "ह्यात घाल की."

मी म्हणालो, "नको. वास येतो त्याचा."

शाळेत मला दाराबाहेर बसवायचे तेव्हा पोरं हेच म्हणायची. तेच मी बाला ऐकवलं. बानं दप्तर नाकाशी नेलं आणि हुंगून बघितलं. ते आठवलं की आजही मला माझी शिसारी येते.

आत चित्रं पसंत पडली. वकीलसाहेबांनी गणपती हातात धरून पाहुण्यांना दाखवला. मला विचारलं, "वडील काय करतात?"

"शेती," मी म्हणालो.

पाहुण्यांतला एक वेल्ह्याचा निघाला. "शेती कसली? आमच्या चांभाराचा पोरगा हा."

कागद साहेबांच्या हातून सुटले. मला अंगणात उतरवलं. साहेब रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. हसून म्हणाले, "हात चांगला आहे रे. चुकीच्या घरात गेला." मग गड्याला हाक मारली. "पाणी आण. गणपती शुद्ध करून आपण ठेवून घेऊ. देवाचं चित्र यांच्या घरात नको."

मागं बागेत विहिरीवर मोट चालू होती. गड्यानं तिच्याच पाण्याचा तांब्या भरून आणला. पुढचं वर सांगितलंच आहे.

रंग वाहत होते आणि मी तांब्याकडे बघत होतो. मोट कातड्याची असते. माझ्या बासारखाच कुणीतरी ती शिवतो. एवढी साधी गोष्ट, पण ती दिसायला मला एकोणीस वर्षं लागली. मी पायरी चढलो. सगळे मागं सरले. मी गणपती उचलला.

"ठेव तो तिथं!" साहेब ओरडले.

"न्हाई ठेवत. आन् ह्ये पानी बी कातड्यातनंच वर आलंय. आता सोताला कशानं धुताल?"

दोन गड्यांनी मला फाटकापर्यंत मारत नेलं. कागद मी सोडला नाही.

बा तिथंच उभा होता. त्यानं माझं फुटलेलं तोंड बघितलं, कागद बघितला. "भिजलं व्हय?" एवढंच विचारलं आणि दप्तराची वादी सोडली. मी वासाबद्दल माफी मागायला हवी होती. मागितली नाही. बा गेला, तरी ती राहूनच गेली.

मुंबईला मी पुढं गेलोच. रस्त्यावर जोडे शिवत चित्रकला शिकलो. चित्रं दाखवायला आजही तेच दप्तर नेतो. सगळ्यात वर मोट शिवणारा बा. खाली माझं नाव, आडनावासकट. त्यानंतर तो गणपती, धुतला तसाच. दप्तर टेबलावर ठेवतो आणि हात मागं घेतो. वादीची गाठ मी सोडत नाही. ती समोरच्यानं सोडायची. ज्याला कातड्याला हात लावायचा नाही, त्याला माझं एकही चित्र दिसणार नाही.