सामाईक इनबॉक्स

मी सर्वांत जास्त देणं लागतो ते माझ्या शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंचं. दिंडोरी तालुक्यातल्या आमच्या गावात त्या नाशिकहून रोज एसटीने यायच्या. आमच्या घरी फुलांची शेती, शेवंती आणि झेंडू. घरात शाळेच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. मी पदवीपर्यंत पोचलो आणि आज नाशिकमधल्या अंबडच्या एका कारखान्यात खुर्चीवर बसून काम करतो, ते बाईंमुळे. हे मी भेटेल त्याला सांगतो आणि सांगायला मला आवडतं. ज्या प्रसंगामुळे हे लिहायला बसलो तो मात्र सांगायला तितका आवडत नाही, कारण त्यात मी बराच काळ एका मुलीवर जळत होतो.

आमच्या कारखान्यात द्राक्षबागेत औषध फवारायचे ब्लोअर बनतात, ट्रॅक्टरमागे जोडायचे. जवळपासचे बागायतदार काही बिघडलं की सरळ फोन करतात. बाहेरच्या राज्यांतले डीलर मात्र मेल करतात आणि तेही इंग्रजीत. नोझल तुंबतो, पंप गळतो, मागवलेला भाग आला नाही, असले ते मेल. ते सगळे माझ्या पत्त्यावर यायचे. डीलर मेलच्या सुरुवातीला माझं नाव लिहायचे, दिवाळीला शुभेच्छा पाठवायचे. विजापूरकडच्या एकाने तर मुलीच्या लग्नाची पत्रिका मेलने पाठवली होती. मी ती आईला मोबाइलवर दाखवली.

"तुला वळखतो का तो?" आईने विचारलं.

"रोजचं बोलणं आहे आमचं."

"तोंड पाह्यलं का त्याचं कधी?"

नाही म्हटल्यावर ती हसली. पण शेजारच्या काकूंना तिने ती पत्रिका दाखवलीच.

मागच्या हंगामात वडिलांच्या ऑपरेशनसाठी मी रजेवर होतो. तेव्हा डीलरांचे मेल तसेच पडून राहिले आणि एकाच्या बागेत ऐन फवारणीत ब्लोअर बंद पडून राहिला. मी परत आलो तेव्हा साहेब रागावले नव्हते. कारखान्याचे मालक ते, सगळे त्यांना साहेबच म्हणतात. कंपनी एका माणसाच्या मेलवर चालत नाही, एवढंच म्हणाले. त्यांनी सर्व्हिसच्या कामासाठी एक सॉफ्टवेअर घेतलं आणि ते येत असलेली एक मुलगी कामावर घेतली. ती नाशिक शहरातलीच, चार वर्षं पुण्यात नोकरी करून आलेली. तिचं इंग्रजी मी ऐकत राहायचो. मी एकेक वाक्य आधी मनात जुळवतो आणि मग बोलतो. तिला तसं काही करावं लागत नव्हतं.

सर्व्हिसच्या सगळ्यांसाठी एकच सामाईक मेल-पत्ता उघडायचा होता तेव्हा तिने मलाच माउस दिला. "सर, तुम्ही करा, मी सांगते," म्हणाली. काम अवघड नव्हतं. सर्व्हिस विभागाच्या नावाने नवीन पत्ता काढला, तो सॉफ्टवेअरमध्ये जोडला, खात्री करायला आलेला कोड भरला. मग एक चौकट आली, नाव भरा म्हणणारी. मी नाव भरलं. चाचणीचा मेल साहेबांना पाठवला.

साहेब मोबाइल हातात घेऊनच केबिनबाहेर आले. "अरे, सातबारा स्वतःच्या नावावर चढवलास की काय?"

सगळं ऑफिस हसलं. त्या चौकटीत मी माझं नाव लिहिलं होतं, आडनावासकट. म्हणजे यापुढे कुणीही उत्तर दिलं, तरी डीलरला ते माझ्याकडून आल्यासारखं दिसलं असतं. खरं सांगतो, मी ते मुद्दाम केलं नव्हतं. पहिलीपासून जिथे नाव विचारलं तिथे मी माझंच नाव लिहीत आलो. शिष्यवृत्तीचे, वसतिगृहाचे, परीक्षेचे अर्ज घरात मीच भरायचो, दुसऱ्या कुणाला ते जमत नव्हतं. हसण्यात मीही सामील झालो. ती मात्र हसली नाही. "इथे विभागाचं नाव टाकतात सर, गिऱ्हाइकाला तेच दिसतं," असं हळूच म्हणाली. तिचं ते न हसणं मला जास्त लागलं.

शेवटची पायरी होती माझ्या पत्त्यावर येणारा प्रत्येक मेल नव्या इनबॉक्सकडे वळवायची. मी बटण दाबलं. दुसऱ्या दिवशीपासून माझ्या जुन्या पत्त्यावर येणारी पत्रंही सगळ्यांसमोर उघडू लागली आणि जो मोकळा असेल तो उत्तर देऊ लागला. बहुतेक वेळा तीच मोकळी असायची, कारण तिची कामं लवकर उरकत.

आमच्या मळ्यात वडिलांची आणि चुलत्यांची सामाईक विहीर आहे. दिवस वाटून घेतलेले आहेत. तरी आपली पाळी नसताना वडील विहिरीवर जाऊन बसायचे आणि चुलत्यांची मोटर किती वेळ चालते ते बघायचे. मला त्यांची लाज वाटायची. आता मी तेच करू लागलो. सकाळी आल्या आल्या तिने काल पाठवलेली उत्तरं उघडून वाचायचो, चूक शोधायचो. चूक सापडली नाही की दिवस वाईट जायचा. एकदा तिने पंपाचा भाग चुकीचा सांगितला, तेव्हा मी मोठ्या उत्साहाने खुर्ची सरकवली, तर त्या मेलखाली तिचाच दुसरा मेल होता. चूक सुधारलेली, माफी मागितलेली. स्टोअर सांभाळणारे आमचे मामा जेवताना म्हणाले, "काय भाऊ, तुमच्या डीलरांना दुसरं सासर मिळालं म्हणा की." मी डबा बंद केला.

सॉफ्टवेअरमध्ये तयार उत्तरं ठेवायची सोय असते. त्यासाठी तिने माझे जुने मेल वाचून काढले आणि विचारलं, "सर, ही तुमची ओळ घेऊ का? सगळ्यात छान हीच आहे." माझ्या प्रत्येक मेलची सुरुवात त्या ओळीने होते. तुमची अडचण मी पूर्ण वाचली आहे आणि ती सुटेपर्यंत ती माझीही आहे, अशा अर्थाची. मी म्हटलं, घ्या की. त्या दुपारी मला बरंच वाटलं.

पंधरवड्याने विजापूरच्या त्याच डीलरचा मेल आला. साहेबांनी तो चहाच्या वेळी सगळ्यांना वाचून दाखवला. इतकी वर्षं तुमच्या कंपनीशी व्यवहार आहे, पण अडचण आपली समजणारं उत्तर या मॅडमकडून मिळालं, असं लिहिलं होतं. खाली त्याने ती ओळसुद्धा उतरवली होती. माझी ओळ. मी त्याला ती कितीदा तरी लिहिली असेल. साहेब तिच्याकडे बघून टाळ्या वाजवत होते. माझा चहा तसाच राहिला.

सगळे जागेवर गेल्यावर मी तिच्या टेबलाजवळ गेलो. काय बोलणार ते ठरवलं नव्हतं.

"ती ओळ माझी आहे," मी म्हणालो.

"हो सर. मी साहेबांना सांगते ना, आत्ताच." ती उठलीच. मग थांबली. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, टोमणा नव्हता. "पण तुम्हाला ही सुचली कशी? मला असं लिहिता येत नाही."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि डोळ्यांपुढे आला तो नववीचा वर्ग. बाई आम्हाला पत्रलेखन शिकवताना गावातल्या खऱ्या तक्रारी घ्यायच्या. आमच्या फाट्यावर एसटी थांबत नाही, ही तक्रार अर्ध्या वर्गाने लिहायची आणि उरलेल्यांनी अधिकारी होऊन उत्तर द्यायचं. सगळ्यांची उत्तरं नकाराची होती. बाईंनी ती बाजूला ठेवली आणि फळ्यावर एक ओळ लिहिली. म्हणाल्या, एसटी देता येईल न येईल, आधी त्याचं गाऱ्हाणं आपण वाचलंय हे त्याला कळू दे.

"सुचली नाही," मी म्हणालो. "आमच्या बाईंची आहे."

"त्यांना माहीत आहे, तुम्ही अजून वापरता ते?"

"नाही."

ती साहेबांकडे जायला निघाली होती, मी तिला राहू द्या म्हणालो. मनातली जळजळ गेली होती असं नाही. टाळ्या अजून कानात होत्या. पण माझी आहे म्हणून सांगायला गेलो होतो ती वस्तू माझी नव्हती, आणि ती ज्यांची होती त्यांना तिचं कौतुक कधी ऐकायलाच मिळालं नव्हतं.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा पेन्शनच्या कामासाठी त्यांचा मेल मीच उघडून दिला होता. त्यांच्याकडे माझा पत्ता आहे तो ऑफिसचाच. नोकरी लागल्यावर मोठ्या ऐटीत दिलेला. त्या संध्याकाळी त्यावरूनच मी त्यांना लिहिलं:

"आदरणीय बाई,

साष्टांग नमस्कार.

नववीत एसटीच्या तक्रारीला उत्तर म्हणून तुम्ही फळ्यावर एक ओळ लिहिली होती. ती मी नोकरीतल्या प्रत्येक पत्रात लिहितो. आता आमच्या ऑफिसात सगळेच ती लिहितात. आज विजापूरच्या एका माणसाने तिची फार स्तुती केली. स्तुती आमच्या ऑफिसातल्या एका हुशार मुलीला मिळाली आणि मला ते सहन झालं नाही. खरं तर ती स्तुती तुमच्याकडे यायला हवी होती, म्हणून त्याचा मेल सोबत पाठवत आहे.

वडील आता बरे आहेत. फाट्यावर एसटी थांबते, हे तुम्हाला कळलं असेलच.

तुम्ही उत्तर दिलंत तर ते माझ्या एकट्याकडे येणार नाही. इथे आता सगळ्यांची पत्रं एकाच ठिकाणी उघडतात. येऊ द्या. त्या मुलीलाही तुमचं इंग्रजी वाचायचं आहे. फक्त ते आधी मी उघडीन, एवढं मी तिला सांगून ठेवलं आहे.

तुमचा विद्यार्थी"