न उघडणारं दार

आमच्या वहिनीचं काम व्हिडिओ गेममधल्या चुका शोधायचं. नवा गेम बाजारात यायला दोन दिवस उरले, तरी त्यातल्या किल्ल्याचं दार उघडेना. आतली खोली बनवलीच नव्हती!

"लोक घेतील समजून," साहेब म्हणाले.

"आधी सांगाल तर समजून घेतील ना!" वहिनी तडकली. तिने भांडून दारावर पाटी लावायला लावली: 'आतलं काम बाकी आहे. महिन्याभरात उघडू. चूक आमची.'

गेम आला त्या दिवशी ती भरल्या ताटावरून तशीच उठली. शेवटी भीत भीत तिने गेम उघडला. दारासमोर ऑनलाइन खेळाडूंची ही गर्दी! पण शिव्या कुणाच्याच नाहीत. एका खेळाडूने लिहिलं होतं, 'सावकाश करा, आम्ही थांबतो.'

"भावजी," वहिनी म्हणाली, "माझं ताट झाकून ठेवलंय ना?"