नकाशातली मोकळी जागा

केरबाच्या म्हशीला खुंटा बदललेला चालायचा नाही. जरा दुसरीकडे बांधली की ती पान्हा चोरायची. त्यामुळे पेठेतल्या दूधकट्ट्यावर उघड्या मातीत ठोकलेल्या अकरा खुंट्यांपैकी डावीकडून तिसरा खुंटा केरबाचा, आणि त्याच्या आधी त्याच्या बापाचा. सकाळी आणि दिवस मावळताना तो म्हैस घेऊन तिथं उभा राहायचा. गिऱ्हाईक पेला पुढे करायचं, केरबा त्याच्या डोळ्यांदेखत धार काढायचा, आणि माणूस फेसाळलेलं दूध तिथंच पिऊन तोंड पुसत घरी जायचा. समोर काढलेल्या धारेत पाणी मिसळायला जागाच नसते. चौदा वर्षांत केरबाच्या दुधाबद्दल कुणी वावगा शब्द काढला नव्हता.

त्रेपन्न साली पेठेपलीकडे एका संस्थेनं कॉलेज काढलं आणि तिथवर चाळीस फुटी रस्त्याची टूम निघाली. चहाच्या हॉटेलात रोज वाद पेटायचा.

"चंदगडासनं पोरं शिकाय येत्यात, चिखलातनं जायाचं का त्यांनी?"

"जाऊ दे की रस्त्यानं. पर आमचं गटार आठ वरीस तुंबलंय, त्याला पैका न्हाय, आन संस्थेच्या दारात डांबर!"

"संस्थेवर म्युन्सिपाल्टीचं दोन मेंबर हायत बाबा. तुज्या गटारावर कोण हाय?"

केरबा या वादात पडत नसे. रस्ता झाला तर गिऱ्हाईक वाढेल, एवढंच तो घरी बायकोला, शालूबाईला, म्हणाला.

मग एके दिवशी माधवराव ओव्हरसियर आला. कोवळा पोरगा, नुकताच डिप्लोमा घेतलेला, बोलायला नम्र. "उद्या मोजणी आहे," तो म्हणाला. "साखळी सरळ पडायला हवी. सकाळपुरती जागा मोकळी करून द्याल का?"

"आमच्या दारात साहेब येणार आन आमी न्हाय म्हणू व्हय?" केरबा म्हणाला. कट्ट्यावर तोच वयानं मोठा, त्यामुळे त्याचा शब्द सगळ्यांनी धरला. म्हशी नदीवर पाठवल्या. शेण खरवडून काढलं. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं, पण केरबाच्या डोळ्यांना खुंटे टोचू लागले.

शेजारचा पिराजी वैतागला. "खुंटं कशाला उपटतोस? राहू देत की. मोजंल त्यो त्यांच्यासकट."

"आन साहेब त्यात अडकून पडला म्हंजे? पावण्याला पालथा पाडाय बलीवलंय व्हय रं?"

सगळे हसले आणि अकराच्या अकरा खुंटे निघाले. शालूबाईनं सडा घातला, रांगोळीही काढली. माधवरावानं साखळी टाकली, फळीवर कागद ताणून रेघा मारल्या, आणि जाताना पितळी पेल्यातून दूध प्यायला. दुपारी खुंटे परत ठोकले गेले.

मोजणीचा नियम साधा असतो: जागेवर जे दिसेल ते कागदावर येतं. माधवरावानं दिसलं तेच काढलं.

चार महिन्यांनी नोटीस लागली. कट्टा पुरा रस्त्यात जात होता. पेठेचे मेंबर हंबीरराव तापले आणि त्यांनी हरकतीचा अर्ज लिहिला. सुनावणीला ते स्वतः उभे राहिले. "रस्त्याला आमचा विरोध नाही. पण तो बारा फूट पलीकडे सरकवा. तिकडे संस्थेचं आवार मोकळं पडलंय. इथे अकरा घरांची चूल आहे."

अधिकाऱ्यानं टेबलावर नकाशा पसरला. "कट्टा कुठं आहे यात? मला तर 'मोकळी जागा' दिसते."

माधवरावाला बोलावलं. "मोजणीच्या दिवशी जागेवर काय होतं?"

माधवरावानं एकदा केरबाकडे पाहिलं. "काही नव्हतं, साहेब."

केरबा ताडकन उठला. "नव्हतं, कारन आमीच काढलतं! तुमीच म्हणालता की, जागा मोकळी करा!"

"लेखी?" अधिकाऱ्यानं विचारलं. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.

"मी तोंडी विनंती केली होती, साहेब," माधवराव म्हणाला. "जागा मोकळी करण्याची. खुंटे काढा असं नव्हतो म्हणालो."

"म्हणजे खुंटे यांनी आपण होऊन काढले. एका सकाळीत निघतात, तर कायमचे काढायला अडचण कसली?"

हंबीरराव पुढं बरंच बोलले. केरबाच्या कानात काही शिरलं नाही. अकरा खुंटे त्याच्याच सांगण्यावरून निघाले होते, आणि पिराजी शेजारी बसून जमिनीकडे बघत होता.

जिन्यात माधवरावानं त्याला गाठलं. "मी दुरुस्तीचा शेरा लिहितो, काका. खरंच लिहितो." त्यानं लिहिलाही. शेरा फाइलीला लागला, फाइल वर गेली, आणि ती खाली यायच्या आत खडी पडली.

कॉलेजची पोरं आता सायकली दामटत थेट फाटकात शिरत. पिराजीनं म्हैस शिरोळच्या पाहुण्याला देऊन टाकली. केरबानं आपली परसात बांधली. पंधरा दिवस तिनं आचळाला हात लावू दिला नाही. पुढं दूध आलं, पण निम्मं. आणि परसात धार बघायला कोण येणार? केरबानं किटली घेतली आणि दारोदार फिरू लागला.

त्र्यंबक गुरुजी त्याचं जुनं गिऱ्हाईक. कट्ट्यावर डोळे मिटून प्यायचे. पहिल्या दिवशी त्यांनी दारातच किटलीत बोट बुडवलं आणि एक थेंब अंगठ्याच्या नखावर घेतला.

"राग मानू नकोस, केरबा. घरातले म्हणतात, डोळ्यांसमोर काढलेलं नाही, बघून घ्या."

"बघा की, गुरुजी."

पाणी असलं तर थेंब ओघळतो, म्हणून दोघं नखाकडे बघत उभे राहिले. दारातून शाळेला निघालेली पोरंही थांबून बघू लागली. थेंब तसाच राहिला.

"बरं आहे," गुरुजी म्हणाले. "उद्याही बघू."

केरबानं माप ओतलं, झाकण लावलं आणि पुढच्या दाराची कडी वाजवली. आतून बाई आली. तिनंही आधी बोटच पुढं केलं.