वॉर्ड सोडून गेलेली मंगल

मंगल गेली तेव्हा मी तिच्यापासून दोन खाटा पलीकडे दुसऱ्या पेशंटची सलाईन बदलत होते. तिचा भाऊ प्रकाश "सिस्टर, सिस्टर" करत ओरडला. मला इतकी वर्षं ओळखतो, पण नावाने हाक मारायचं त्याला सुचलं नाही. मी पोचले तोवर संपलं होतं. डॉक्टर बघून गेले. मी तिचे डोळे मिटले, हात सरळ केले आणि पलीकडची सलाईन अर्धवट राहिली होती, ती लावायला गेले... दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच.

परळच्या याच हॉस्पिटलात आम्ही दोघी नर्सिंग शिकलो आणि इथेच नोकरीला लागलो. ती नायगावच्या बीडीडी चाळीतली, मी करी रोडची. मंगल कामाला वाघ होती, तोंडाने फटकळ. नातेवाईक अंगावर आले की पदर खोचल्यासारखी पुढे व्हायची. चाळिशी ओलांडेपर्यंत तिने रजा मागितलेली मला आठवत नाही. मग एका सकाळी ती चादरी आणायला लिनन रूममध्ये गेली आणि बाहेर येईना. मी आत गेले तर गठ्ठ्यावर बसलेली. रडत नव्हती. म्हणाली, "शुभे, मला कुणाचं काही वाटतच नाही गं आता. मघाशी ती कोपऱ्यातली पोरगी गेली ना, त्यानंतर मी डबा खाल्ला. चवीनं खाल्ला." मी तिच्याजवळ बसले. डबा तर मीही खाल्ला होता.

तिने राजीनामा दिला तेव्हा घरात सुतक असल्यासारखं झालं. मालवणकडची तिची आई मला म्हणाली, "तूच सांग गो तिका. माझा आयकणा नाय." मी सांगितलं नाही. मंगलने आधी लोअर परळला एका विमा कंपनीत फोनवरचं काम धरलं. हॉस्पिटलचं बिल मंजूर का झालं नाही, ते लोकांना समजावायचं. एसी, खुर्ची, रविवारी सुट्टी. पण चार-पाच महिन्यांतच तिने ते सोडलं. "तिथं निदान पेशंटच्या डोक्यावरून हात तरी फिरवता यायचा. इथं नुसतं रडणं ऐकायचं आणि सॉरी म्हणायचं," असं सांगत होती. मग बरेच दिवस घरीच होती. कुणी ब्यूटी पार्लरचा कोर्स सुचवला, कुणी म्हाताऱ्यांना घरी जाऊन सांभाळायचं काम. ती सगळ्यांना "बघते" म्हणायची.

शेवटी दादरच्या एका शाळेत तिला आजारी मुलांच्या खोलीवर नर्स म्हणून घेतलं. पगार कमी होता, पण मंगल हसायला लागली. लालबागला मसाला कुटायला गेलो की रांगेत उभी राहून मला शाळेच्या गोष्टी सांगायची. खरचटलेले गुडघे, हलणारे दात. "आपल्याकडे गेलं ते गेलं. इथे दात पडतो आणि नवा येतो गं!" हे तिने मला कितीदा तरी ऐकवलं.

अशाच एका उन्हाळ्यात, मसाल्याच्या रांगेतच, ती दुकानाच्या पायरीवर मटकन बसली. चेहरा सुकलेला, पोट मात्र फुगलेलं. असं पोट मी वॉर्डात खूप पाहिलंय. तिनेही पाहिलं होतं. मी म्हटलं, "उद्या सोनोग्राफी करू." ती म्हणाली, "अ‍ॅसिडिटी आहे." मग सबबी निघत गेल्या. आधी शाळेत मुलांच्या तब्येतीचे दाखले, मग पावसाळी ताप, मग गॅदरिंग. एकदा मी तिला ओढतच हॉस्पिटलच्या गेटपर्यंत नेलं. तिथे तिचे पाय अडले. "बाकी काहीपण सांग शुभे. ह्या दारातून आत नाही जायचं मला." दुसरीकडे जाऊ म्हटलं, तर म्हणाली, "वास सगळीकडे तोच असतो." टॅक्सी करून तिला नायगावला सोडलं... मोठ्या माणसाला उचलून तर नेता येत नाही.

शेवटी प्रकाशने उचलूनच आणलं. अंडाशयाचा कॅन्सर, पोटभर पसरलेला. खाट मिळाली ती माझ्याच वॉर्डात. तिने कधी बेल वाजवली नाही. दुखलं की चादरीचा कोपरा दातात धरायची. मी जवळ टेकले की म्हणायची, "जा, तिकडची लघवीची पिशवी भरलीय बघ." एकदाच माझा हात धरून म्हणाली, "मला घरी सोड ना." मी म्हटलं, "सोडते हं." अशा पेशंटना आम्ही दोघीही हेच सांगत आलो होतो. तिने हात सोडला आणि तोंड फिरवलं.

परवा तिच्या वस्तू आणायला मी शाळेत गेले. छोटी खोली, एक खाट, भिंतीवर मुलांनी काढलेली चित्रं आणि एक बुटकी खुर्ची. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "मंगलताईंनी सुताराकडून त्या खुर्चीचे पाय कापून घेतले. मुलांशी बोलताना आपल्याला वर बघायला लागलं पाहिजे, खाली नाही, म्हणायच्या." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "जागा अजून भरलेली नाही. तुम्ही याल का?"

"बघते," मी म्हटलं. दुपारची ड्युटी होती. त्या बाहेर गेल्यावर मी त्या खुर्चीत बसले. गुडघे पार छातीशी आले. खिडकीच्या गजांतून मैदानावरचा गलका येत होता. तेवढ्यात मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली... आणि ड्युटीची वेळ होत आली तरी मला त्या खुर्चीतून उठताच येईना.