इंदूचं न भरलेलं कडवं

भूत, आत्मा, संकेत... असल्या गोष्टींवर मी कधीच विश्वास ठेवला नाही. उमेदीची सगळी वर्षं जळगावात कॅसेटमध्ये गाणी भरून देण्याचं दुकान चालवलं. आवाज म्हणजे टेपवरचा थर, एवढंच मला ठाऊक. तरी हे लिहितोय, कारण एक खोटं माझ्या नावावर छापून आलंय.

माझी धाकटी बहीण इंदू धुळ्याला दिलेली. एका श्रावणात कानबाईच्या रोटांसाठी, आमच्या खानदेशातल्या देवीच्या सणाला, माहेरी आली, तेव्हा तिला दुकानात नेऊन कानबाईचं गाणं भरून घेतलं. पहिलं कडवं झालं आणि लाइट गेली. शेवटचं कडवं तिनं स्वतः रचलेलं, ते राहिलं. दुपारच्या एसटीनं तिला परतायचं होतं.

कॅसेटच्या पाठीमागे एक छोटी प्लॅस्टिकची पट्टी असते. ती तोडली की त्यावर दुसरं काही भरता येत नाही. इंदूला ते माहीत होतं.

"भाऊ, ती पट्टी तोडी टाक ना."

"अर्धंच झालंय. पुढल्या कानबाईला पूर्ण करू, मग तोडतो."

आठवड्याभरात एक शेठजी सिनेमाची गाणी भरायला सांगून गेले. घाई होती, कोरी कॅसेट नव्हती. मी इंदूची घेतली... शेठजी ती न्यायला कधी आलेच नाहीत.

पुढच्या वर्षी इंदूनं विचारलं, तेव्हा म्हणालो, "मशीनमध्ये टेप अडकली गं, तुटली."

"मंग परत भरी ले."

"सीझन आहे. नंतर बघू."

ते नंतर आलंच नाही. इंदू गेली.

गेल्या वर्षी माझा नातू तेजस आणि त्याचा मित्र जुनैद यांनी पहिला अल्बम काढला. ट्रिप हॉप म्हणे — संथ ठेका, खाली जड बास, वर जुन्या टेपची खरखर. मी म्हटलं, "सेल उतरलेत का रे?" जुनैद हसला, "आबा, शेवटचा ट्रॅक ऐका. तुमच्याच ट्रंकेतल्या कॅसेटचा आहे."

इंदू गात होती. पहिलं कडवं... आणि मग शेवटचंही. रोट थापताना ती गुणगुणायची तेच. तिच्याशिवाय ते कुणाला येत नव्हतं.

पुसलेला आवाज कधी कधी मागे थोडा उरतो, ते मी धंद्यात ऐकलंय. पण जे भरलंच नाही ते?

"त्यात तर सिनेमाची गाणी आहेत," मी म्हणालो.

"कुठली गाणी? पूर्ण कॅसेटभर या बाईच आहेत," तेजस म्हणाला.

दोघांसमोर कॅसेट लावली. पहिल्यापासून शेवटपर्यंत सिनेमाची गाणी. दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

अल्बमवर छापलं होतं — 'दुर्मिळ आवाज जपणारे आबा.' लोक अभिनंदनाचे फोन करत होते. मी महिनाभर ते घेतले, हेही लिहून टाकतो. मग दोघांना बसवून सगळं सांगितलं.

तेजसनं विचारलं, "काय नाव लिहू?"

"इंदूबाई, धुळे. शेवटचं कडवं तिचंच. माझं काढ."

त्यानं नाव बदललं. तेव्हापासून तो माझ्याशी कामापुरतंच बोलतो.

ते कडवं कुठून आलं, मला अजून कळलेलं नाही. कुणी सांगू शकलं तर सांगा... काल ट्रंकेतून ती कॅसेट काढली आणि पेनाच्या टोकानं पट्टी तोडली. मग लावून ऐकली.

शेठजींची गाणी आता कुणाला पुसता यायची नाहीत.